गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे

(उजनी जलाशयाकाठच्या गावांमधील बचत गटांच्या प्रमुख महिलांसाठी झालेल्या शिबिरातील भाषण)



फळ्यावर 'समाज-मानसशास्त्र' असा जड शब्द लिहिलाय, त्याला बिचकू नका. चार माणसं जमली की एकेका माणसाचं वागणं कसं बदलतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि हे तुम्ही रोज बघता.

गटाची बैठक आठवा. विषय संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. अध्यक्षबाई विचारतात, "बोलावणं नेहमीप्रमाणेच ना?" नेहमीप्रमाणे म्हणजे गटातल्या विधवा बायका वगळून. जिनं वर्षभर हप्ता चुकवला नाही, कर्जासाठी बँकेत चकरा मारल्या, ती त्या दिवशी घरी बसणार. क्षणभर कुणीच बोलत नाही. मग एक जण "हो" म्हणते आणि विषय संपतो. परतताना वाटेत दोघी बोलतात. "बरं नाही वाटलं बाई." "मग बोलली का नाहीस?" "मी एकटी कशी बोलू? बाकीच्यांना तर पटलं होतं." थोडं मागं चालणाऱ्या दोघींचंही हेच बोलणं चालू असतं.

इथं नेमकं काय झालं? प्रत्येकीला स्वतःच्या गप्प बसण्याचं कारण माहीत होतं: संकोच, भीती. पण दुसरीच्या गप्प बसण्याचा अर्थ तिनं लावला, हिला मान्य आहे. वागणं दोघींचं एकच, अर्थ मात्र वेगवेगळे. अशा वेळी जी गोष्ट बहुतेकींना नको असते, तीच सगळ्यांच्या 'संमतीनं' चालू राहते.

मुलगी बघायला पाहुणे आले आणि ती मान खाली घालून बसली, की घरचे म्हणतात, "लाजली, म्हणजे पसंत आहे." मौनाला होकार समजायची सवय आपल्याला तिथून लागते.

उजनीचं पाणी ११७ टीएमसी म्हणतो आपण, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृत साठा. पाणी आहे, पण कालव्याला येत नाही. आपल्या बैठकांमधल्या मतांचंही असंच आहे. निम्म्याहून अधिक मतं तळाशीच राहतात.

आता यावर झालेले काही प्रयोग सांगते. १९५१ च्या सुमारास अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या मुलांना रेघा दाखवल्या. या तीन रेघांपैकी त्या रेघेएवढी कोणती, एवढाच प्रश्न. लहान पोरालाही यावं असं उत्तर. पण गटातला एक मुलगा सोडून बाकी सगळे आधी पढवलेले होते. ते एकामागून एक चुकीचं उत्तर द्यायचे. त्या एकट्याची पाळी आली की साधारण तिनातल्या एका वेळी तोही चुकीचंच उत्तर द्यायचा. डोळ्यांना दिसत असूनही! मग अ‍ॅशनं एक बदल केला. पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. एवढ्यानं गटामागं जाण्याचं प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्यावर आलं. सगळा गट बदलावा लागला नाही. सोबतीला एक जण पुरला. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरा प्रयोग १९६८ सालचा, लताने आणि डार्ली यांचा. माणूस खोलीत बसून फॉर्म भरतोय आणि भिंतीतून धूर येऊ लागतो. एकटा असेल तर चारांतले तिघं उठून कळवतात. पण शेजारी दोघं जण काही घडलंच नाही असे बसून राहिले, तर दहांतला एखादाच उठतो. आपण धोका धुरावरून ओळखत नाही, शेजारच्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. आणि शेजारचा आपला चेहरा बघत असतो.

हे आपल्याला लांबचं नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या दुर्घटनेत कुणाची चूक, याचा निवाडा मी करत नाही. आपल्यापुरतं विचारते. आपण बोटीत बसतो, वारं सुटलेलं दिसतं, पोटात गोळा येतो. तेव्हा "जॅकेट द्या, नाहीतर मी उतरते" असं म्हणतो का? बाकीचे निवांत बसलेत, आपणच भित्र्या ठरू, असं वाटतं. त्या निवांत दिसणाऱ्यांच्या पोटातही गोळाच असेल, हे सुचत नाही.

मग यातून बाहेर कसं पडायचं? २०२० साली प्रसिद्ध झालेला सौदी अरेबियातल्या रियाध शहरातला एक अभ्यास बघा. तरुण विवाहित पुरुषांना नाव न घेता विचारलं, बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुसंख्य "हो" म्हणाले. पण शेजारीपाजारी काय म्हणत असतील, याचा त्यांचा अंदाज बराच कमी निघाला. काही जणांना खरा आकडा सांगितला. बाकी काही उपदेश केला नाही. आकडा न सांगितलेल्यांपेक्षा त्यांच्यातल्या जास्त जणांनी बायकोचं नाव नोकरीसाठी नोंदवलं. त्यांची मतं कुणी बदलली नाहीत. दुसऱ्यांबद्दलचा चुकीचा समज फक्त दूर केला.

आपल्याकडंही हे घडलंय, आणि सुरुवात आपल्याच करमाळा तालुक्यातून झालीय. २०२२ साली इथले सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी प्रतिज्ञापत्र करून जाहीर केलं, की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीचं कुंकू पुसू नये, मंगळसूत्र काढू नये. मग मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. ठरावानं एका रात्रीत मनं बदलत नाहीत. पण मयताच्या घरी बांगड्या फोडायला पुढं होणारी म्हातारी बहुतेकदा स्वतः त्यातून गेलेली असते. तिला ते आवडतं म्हणून ती करत नाही, चार जणी नावं ठेवतील म्हणून करते. ठराव झाला की त्या चार जणी काय म्हणतात ते तिला उघड ऐकू येतं. "गावानं ठरवलंय" ही तिची ढाल होते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. सगळं मौन गैरसमजातून येत नाही. नवरा मारील, सासरे घराबाहेर काढतील, मुकादम उचलीचे पैसे मागेल, ही भीती खरी आहे. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, तिला "तू बोलत का नाहीस" असं विचारणं म्हणजे दोष तिच्या माथी मारणं. तिथं मानसशास्त्र पुरत नाही; कायदा लागतो, संघटना लागते, आसरा लागतो. म्हणून कार्यकर्तीनं आधी ओळखायचं, ही गप्प आहे ती चुकीच्या अंदाजामुळं की खऱ्या धोक्यामुळं.

आता करायच्या तीन गोष्टी.

एक, हात वर करून मत घेऊ नका. मडकं ठेवा. 'हो'साठी ज्वारीचा दाणा, 'नको'साठी मक्याचा. मूठ झाकून टाका, सगळ्यांसमोर मोजा. लिहिता न येणारीचंही मत मोजलं जातं आणि खरा आकडा सगळ्यांना दिसतो.

दोन, अवघड विषय काढणारीला एकटी पाठवू नका. "हिचं मला पटतंय" एवढंच म्हणणारी दुसरी आधीच ठरवून ठेवा. अ‍ॅशच्या प्रयोगातला तो सोबती आठवा.

तीन, गटात जमलेलं मत गटातच ठेवू नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदा सांगतो. पुष्कळ गावांत ती रजिस्टरातल्या सह्यांपुरतीच होते. ती खरोखर भरवायला लावा आणि तिथं ठराव मांडा.

गावी गेल्यावर पहिलं मडकं हळदीकुंकवाच्या प्रश्नावर ठेवा. दाणे काय म्हणतात ते पुढच्या शिबिरात सांगा. विरोधात पडले तरी सांगा. मग निदान कुठून सुरुवात करायची ते आपल्याला कळेल.