लोकसेवा व नगरसभा



आज या महोत्सवप्रसंगी आपल्या रत्नागिरीतील सेवाभावी तरुणांपुढे मी जोतीराव फुले यांचे उदाहरण ठेवितो. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढिली. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्य मानिलेल्या बांधवांस खुला केला. पुढे १८७६ साली ते पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले गेले. १८८० साली व्हाइसरॉयच्या स्वागतार्थ हजार रुपये खर्चण्याचे ठरू लागले, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले. हे धैर्य त्यांनी शाळेत व हौदाकाठी कमाविले होते. शेजाऱ्याची तहान ज्याने पाहिली, त्यास सार्वजनिक पैशाचे मोल कळते. म्हणून आधी आपल्या वाडीत राबा. मग नगरसभेत बसण्यास कचरू नका.