टेबलात दडलेला चार्जर

पलंगाशेजारचं लाकडी टेबल. वर अधिकच्या चिन्हासारखी छोटी खूण. तिच्यावर मोबाइल ठेवला की लगेच चार्ज होऊ लागतो. स्वीडनच्या आयकिया कंपनीने 2015 मध्ये अशी टेबलं आणि दिवे बाजारात आणले.

खुणेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. त्यातल्या विजेची दिशा सेकंदाला लाखाहून अधिक वेळा बदलते, भोवतीचं चुंबकीय क्षेत्रही तसंच बदलत राहतं आणि मोबाइलमधल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवलेलं हे तत्त्व! लाकूड, काच आड येत नाही. धातू मात्र तापतो, म्हणून तिथे किल्ली किंवा नाणं ठेवू नका.

अडचण अंतराची. मोबाइल काही मिलिमीटर सरकला तरी चार्जिंगचा जोर ओसरतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये दोन मीटरवरून तारेविना 60 वॅटचा दिवा पेटवला. विलक्षण प्रयोग, पण निम्म्याहून जास्त वीज वाटेतच गेली. घरभर तारेविना वीज अजून लांब आहे. या टेबलाची वायरसुद्धा शेवटी भिंतीतल्या प्लगलाच जाते.

असं फर्निचर घेताना तारेविना चार्जिंगच्या ‘ची’ (Qi) या मानकाचं चिन्ह पाहा. आणि चार्जर सुटा काढता येतो का, हे जरूर विचारा. टेबल वीस वर्षं टिकतं, चार्जिंगचं तंत्र त्याआधीच बदलतं.