फोडणी, वही आणि व्याजाचा हिशेब

आपल्यापैकी बऱ्याच गटांचे हिशेब आता कॉम्प्युटरवर गेलेत. बटण दाबलं की व्याज निघतं. ते कसं निघतं, तेवढंच आज सांगते.

सुनेला आमटी शिकवताना आपण म्हणतो, "डाळ शिजली की फोडणी दे." तेल तापव, मोहरी तडतडू दे, मग हिंग-हळद, हे दरवेळी सांगत बसत नाही. एकदा शिकवलं की नुसता शब्द पुरतो, आमटीला काय नि पोह्यांना काय. कधी "लसूण घाल", कधी "तेल जरा कमी", एवढं सांगायचं. फोडणी झाली की पुढच्या कामाला लागायचं. कॉम्प्युटरसाठी अशी एकदा लिहून, नाव देऊन ठेवलेली कृती म्हणजे रूटीन.

ही गोष्ट जुनी आहे, आणि तिच्यात एक बाई आहे. ग्रेस हॉपर १९४४ साली अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क वन या यंत्रावर कामाला लागल्या. तिथली मंडळी अशा कृती वहीत उतरवून ठेवत आणि लागेल तेव्हा एकमेकांच्या वहीतून नकलून घेत. नकलताना चुका होत. (आपल्या गटाच्या वहीत होत नाहीत का!) मग हॉपरबाईंनी १९५२ साली कृतींना क्रमांक दिले आणि त्या शोधून जोडायचं काम यंत्रालाच लावलं.

आता आमच्या गटाचं ऐका. ठराव असा, की महिन्याला शेकडा २ रुपये व्याज, तेही उरलेल्या मुद्दलावर. एका ताईंनी १०,००० रुपये घेतले, महिन्याला १,००० फेडायचे. पहिलं व्याज २००, दुसरं १८०, तिसरं १६०, असं उतरत जायला हवं. कॉम्प्युटर मात्र दर महिन्याला २००च दाखवी. चौथ्या हप्त्याला ताई म्हणाल्या, "अगं, मुद्दल कमी झालं, मग व्याज का नाही?" कोणी पाहिलंच नव्हतं. कॉम्प्युटर चुकतो होय, असंच आम्ही धरून चाललो होतो.

व्याजाच्या रूटीनला उरलेल्या मुद्दलाऐवजी मूळ कर्जाचा आकडा दिला जात होता. कृती बरोबर, पातेल्यात जिन्नस चुकीचा. दहा हप्त्यांत ११०० च्या जागी २००० रुपये व्याज गेलं असतं. आणि रूटीन एकच, म्हणून कर्ज घेतलेल्या सगळ्याजणींचा हिशेब तसाच. दुरुस्तीही एकाच जागी झाली, पुढचे सगळे हिशेब सुधारले.

मागचे मात्र आपोआप सुधारले नाहीत. त्या ताईंचे १२० रुपये जास्त गेले होते. बाकीच्यांचे किती, ते आम्ही दोन दुपारी वह्या घेऊन काढलं आणि पुढच्या हप्त्यातून वळतं केलं.

तुमच्या गटात एक कर्ज निवडा. दोन महिन्यांचं व्याज हातानं काढा आणि पडद्यावरच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. जुळलं नाही तर हिशेब बसवून देणाऱ्याला विचारा, "दादा, व्याज कोणत्या रकमेवर धरलंय?"