विस्मरणाचा गंज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपण शिरोलीच्या बायका. पुष्कळींच्या घरचे कोणी ना कोणी फौंड्रीत कामाला. तेव्हा गंज म्हणजे काय, हे आपल्याला सांगावयास नको. ओतकामाचा माल पावसात उघडा राहिला की चार दिवसांत तांबूस होतो. आज मी बोलणार आहे ते मेंदूच्या गंजाविषयी.

आमच्या सासूबाई भाजीत दोनदा मीठ घालू लागल्या. पुढे त्यांच्या पाटल्या हरवल्या आणि आळ माझ्यावर आला. मी आठवडाभर अबोला धरला. पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. ‘स्वभाव बिघडला’ असे आम्ही दोन वर्षे म्हणत राहिलो. तो स्वभाव नव्हता, अल्झायमरचा आजार होता.

अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली हा आजार प्रथम मांडला. त्यांची रोगी ऑगस्टे डेटर १९०१ साली दवाखान्यात आली, तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. लिहिताना तिला आपले नावही पुरे करता येईना. तिच्या मृत्यूनंतर मेंदूत प्रथिनांचे साके आणि गुंते आढळले.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण प्राणवायू तो सुमारे २० टक्के खातो. जाळ म्हटला की ठिणग्या आल्याच. प्राणवायू वापरताना उडणारे असे दाहक कण पेशींची नासधूस करतात. त्यांना विझविण्याची सोय शरीरातच असते. वयाबरोबर ती उणी पडते. मेंदूत राखणदार पेशीही असतात. त्या साके उचलतात. पण सतत चवताळलेल्या राहिल्या म्हणजे चोराबरोबर घरच्यांनाही बडवतात. हाच दाह. गंजाने दाह वाढतो आणि दाहाने गंज.

मग गंज काढणारी गोळी घ्यावी, असे कोणालाही वाटेल. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रोज्याची कामे करण्याची शक्ती थोडी अधिक टिकली, असे २०१४ च्या एका अमेरिकन चाचणीत दिसले. स्मरण मात्र सुधारले नाही. दाहशामक गोळ्यांनी आजार टळला नाही. हळदीच्या अर्काच्या चाचणीतही रोग्यांना गुण आला नाही. हळद भाजीत जरूर घाला. तिच्यावर भिस्त ठेवू नका. मोठ्या मात्रेच्या गोळ्या तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊच नका.

आपल्या हाती आहे ते निराळेच. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली १४ कारणे सांगितली, ती सारी दूर झाली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रोगी टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, धूम्रपान, दूषित हवा आणि एकटेपण ही त्यांतलीच. सासूबाईंना ऐकू येत नसेल तर ‘वयच झाले’ म्हणू नका, कान तपासा. त्यांना मंडळात घेऊन या.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटात संस्कृतचे पंडित सारे विसरतात. हत्तीवाल्याची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. तिला आजाराचे नाव ठाऊक नसते. पण रागावून उपयोग नाही, हे कळते.

मला ते उशिरा कळले. सासूबाई आज नाहीत. तो आठवडा माझ्यापाशी राहिला आहे. आपल्या घरात कोणी पाटल्यांचा आळ घेतला, तर आधी तांदळाचा डबा पाहा, आणि मग त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा.