गालिचा धुणारी गाडी आणि उष्णतेचा हिशेब

आपल्याकडे घरातील जमीन स्वच्छ करण्याची साधने म्हणजे एक बादली, एक फडके आणि ते पिळणारे दोन हात. शहाबादी फरशी असो की सारवलेली भुई असो, तिची स्वच्छता हा दररोज सकाळी संपणारा प्रश्न आहे. गालिचा आपल्या घरी येतो तो पाहुण्यासारखा. बैठकीपुरता अंथरावा आणि बैठक उठली की गुंडाळून ठेवावा. मळला तर उन्हात नेऊन झोडपावा.

अमेरिकेतील घराची गोष्ट निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉर्जिया राज्यातील डाल्टन या गावी यंत्राच्या सुयांनी टाके घालून रुंद गालिचे तयार करण्याचा धंदा भरभराटीस आला, आणि पुढे नायलॉनच्या धाग्याने ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला आणि जमिनीला जखडला गेला. असा गालिचा नदीवर नेता येत नाही. म्हणून नदीच दाराशी आणावी लागते. गालिचा धुणारी गाडी म्हणजे ही दाराशी आणलेली नदी. आपल्या देशातही मोठी हॉटेले, सभागृहे आणि कचेऱ्या यांतून असे जखडलेले गालिचे आले आहेत. तेव्हा या यंत्रांची तुलना कशी करावी, हा प्रश्न अगदीच परका राहिलेला नाही.

यंत्र रस्त्यावर आणि नळी घरात, ही कल्पना तशी जुनी आहे. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने धूळ शोषून घेणारे जे यंत्र बनविले, ते घोडागाडीवर बसविलेले होते. गाडी घराबाहेर उभी राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत जात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने साफ केले गेले. बूथच्या यंत्रात पाणी मात्र नव्हते. पाण्याची आणि त्यातही कढत पाण्याची जोड मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

आजच्या गाडीची रचना थोडक्यात सांगतो. व्हॅनच्या पाठीमागे एक इंजिन असते. ते एक पंप आणि हवा ओढणारा एक ब्लोअर अशी दोन यंत्रे चालविते. काही गाड्यांत वेगळे इंजिन न बसविता व्हॅनच्याच इंजिनाकडून हे काम करून घेतात. पंप गरम पाणी बारीक नळीतून घरात पाठवितो. कामगाराच्या हातात धातूचा लांब दांडा असतो. त्याचा खटका दाबला की टोकाच्या तोटीतून पाणी गालिच्यावर फवारले जाते आणि लगोलग दांड्याचे रुंद तोंड ते मळासकट शोषून घेते. मळके पाणी जाड नळीतून गाडीतील टाकीत जाऊन पडते.

आता यात उष्णतेला एवढे महत्त्व का, हे पाहू. पाण्याचे तापमान २० अंशांवरून ९० अंश सेल्सियसवर नेले, तर त्याचा चिकटपणा एक तृतीयांशाहूनही कमी होतो आणि पृष्ठताणही घटतो. त्यामुळे ते धाग्यांच्या मुळाशी लवकर पोचते. गोठलेले तूप थंड पाण्याने भांड्यावरून निघत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. गालिच्यातील तेलकट मळाचेही तेच आहे. तो सैल झाला की त्यात अडकलेली धूळही सुटते. १९५९ साली हर्बर्ट सिन्नर या जर्मन रसायनज्ञाने धुण्याच्या क्रियेचे चार घटक सांगितले : रसायन, उष्णता, काळ आणि घासणे. एक घटक कमी केला, तर उरलेल्यांनी त्याची भर काढली पाहिजे. म्हणजे उष्णता भरपूर असेल तर साबण कमी लागतो आणि वेळही वाचतो. रोजंदारीवर घरे धुणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही बचत म्हणजे त्याची मिळकतच होय.

परंतु ही उष्णता आणावयाची कोठून? थोडा हिशेब करून पाहू. समजा, दांड्यातून मिनिटाला ४ लिटर पाणी बाहेर पडते आणि ते २० अंशांवरून ९० अंशांवर न्यावयाचे आहे. त्यासाठी मिनिटाला २८० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे साडेएकोणीस किलोवॅट इतकी उष्णता अखंड पुरवावी लागते. आपल्या घरातील १६ अँपियरच्या जाड पिनेच्या सॉकेटमधून साडेतीन किलोवॅटच्या आसपासच वीज मिळते. म्हणून विजेवर चालणारे सुटे यंत्र कितीही चांगले असले, तरी वाहत्या पाण्याला अशी धग ते देऊ शकत नाही. हा कारागिरीचा दोष नव्हे. हा अंकगणिताचा निर्णय आहे.

गाडीवरील यंत्रांत उष्णता मिळविण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला काटकसरीचा. पेट्रोलच्या इंजिनात जळणातील उष्णतेचा साधारण चौथा हिस्साच कामी लागतो. बाकीची रेडिएटरमधून आणि धुराच्या नळीतून वाया जाते. इंजिन २५ अश्वशक्तीचे, म्हणजे साडेअठरा किलोवॅटचे असले, तर पूर्ण भारावर तो सुमारे ५५ किलोवॅट उष्णता हवेत सोडून देतो. तिच्यातील एक तृतीयांशाहून थोडी अधिक पाण्याकडे वळविता आली, की आपले काम भागते. ब्लोअरमध्ये दाबली जाऊन तापलेली हवाही काही हातभार लावते. या यंत्रांना वेगळे जळण लागत नाही. त्यांची अडचण निराळीच आहे. कामगाराने खटका सोडला, खुर्ची सरकवावयास तो थांबला, तरी इंजिन तापतच असते आणि पाण्याचा पारा चढत जातो. तो बेताबाहेर गेला, की गरम पाणी टाकीत सोडून द्यावे लागते. उलट मोठ्या दिवाणखान्यात पाणी सलग वाहू लागले, की पारा हळूहळू उतरतो.

दुसरा मार्ग स्वतंत्र बर्नरचा. डिझेल, रॉकेल किंवा गॅस जाळून पाणी तापविले जाते. येथे उष्णता इंजिनावर अवलंबून नसते. तापमान ठरविल्या अंशाच्या आसपास राहते आणि एकाच गाडीवर दोन माणसे दोन दांडे घेऊन काम करीत असली, तरी बर्नर पुरेसा मोठा असल्यास ते सहसा ढळत नाही. त्याची किंमत मात्र जळणात, देखभालीत आणि आगीच्या धोक्यात मोजावी लागते. लहान घरे, मधूनमधून थांबणारे काम आणि एकच माणूस असेल, तेथे पहिला मार्ग पुरतो. हॉटेलच्या लांबलचक वाटा रात्रभर धुवावयाच्या असतील, तेथे दुसऱ्याचा विचार करावा.

येथपर्यंत सारे सरळ आहे. खरी गोम पुढेच आहे. सरकारी कचेरीत ज्याने काही वर्षे निविदांचे तुलनात्मक तक्ते वाचले आहेत, त्याला एक गोष्ट ठाऊक असते. आकडा खरा असतो, पण तो कोठे आणि केव्हा मोजला, हे तक्त्याच्या रकान्यात लिहिलेले नसते. या यंत्रांच्या माहितीपत्रकात २४० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ११५ अंश सेल्सियस, असा आकडा ठळक छापलेला दिसतो. तो खोटा असेलच असे नाही. दाबाखालील पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही द्रवरूप राहू शकते. परंतु तो पारा बहुधा गाडीतील यंत्रावरचा असतो, आणि कित्येकदा पाणी वाहत नसतानाचा. तेथून पाणी शंभर-दीडशे फूट नळीतून जाते आणि वाटेत निवते. तोटीतून बाहेर पडताच दाब सुटतो आणि शंभराच्या वरचे जे काही अंश उरले असतील, ते वाफ होऊन निघून जातात. मग बारीक थेंब हवेत आणखी थंड होतात. गालिच्याच्या वाट्याला येणारी उष्णता ही पत्रकातील उष्णतेची धाकटी बहीण असते.

शोषणाचीही तीच कथा आहे. हवा ओढण्याचा जोर पाऱ्याच्या इंचांत मोजतात आणि ओढलेल्या हवेचे प्रमाण दर मिनिटाच्या घनफुटांत. जोर सर्वांत जास्त दिसतो तो नळीचे तोंड बंद केल्यावर, म्हणजे हवा मुळीच वाहत नसताना. हवेचे प्रमाण सर्वांत जास्त दिसते ते तोंड पूर्ण मोकळे असताना, म्हणजे जोर लागत नसताना. पत्रकात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मानाने बसलेले असतात. गालिच्यावर टेकलेल्या दांड्यात ते एकाच वेळी कधीही भेटत नाहीत. म्हणजे उष्णता, जोर आणि हवा या तिन्ही गुणांचे कमाल आकडे आपणांस मिळतात ते यंत्र खरे काम करीत नसतानाचे. ज्या कामासाठी पैसा मोजावयाचा, त्या कामाचा आकडा मात्र तक्त्यात नसतो.

यावर उपाय अवघड नाही. एक थर्मामीटर, एक घड्याळ आणि बादल्या एवढे साहित्य पुरे. जेवढी नळी रोज लागणार तेवढी पूर्ण जोडावी. दांड्याचे पाणी १५ मिनिटे सलग बादल्यांत सोडावे आणि पहिल्या, आठव्या व पंधराव्या मिनिटाला पारा पाहावा. जे यंत्र ९५ अंशांवर आरंभ करून ६० वर येते, त्यापेक्षा ८० वर आरंभ करून ७८ वर टिकणारे यंत्र मी पसंत करीन. दुसरी परीक्षा पाण्याची. समजा, गालिच्यावर ६० लिटर पाणी फवारले आणि टाकीत ५० लिटर परत आले, तर १० लिटर गालिच्यात राहिले. ते वाळावयास जो वेळ लागेल, तोच त्या यंत्राचा खरा दाखला. ओला गालिचा २४ ते ४८ तासांत वाळला नाही, तर बुरशी धरू लागतो, आणि मग धुण्याचे पुण्य तर बाजूलाच राहते, वर दम्याच्या रोग्याला त्रास होतो. अमेरिकेतील कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट ही संस्था अशा यंत्रांची परीक्षा घेताना मळ किती निघाला, पाणी किती परत आले आणि गालिच्याचा पोत कितपत राहिला, हेच पाहते. या निकषांत अंशांचा उच्चांक नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

उच्चांकाच्या मोहाला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती आपल्याकडे अधिक लागू पडते. नायलॉन कढत पाणी सोसतो. लोकर इतके सोसत नाही. उष्णता, क्षार आणि घासणे एकत्र आले की लोकरीचे तंतू आवळून नमदा होतात. भदोहीच्या किंवा काश्मीरच्या हातगाठीच्या गालिच्याचा रंग कच्चा असेल, तर तो फुटून शेजारच्या पांढऱ्या फुलात उतरतो. रक्ताचा, दुधाचा किंवा अंड्याचा डाग गरम पाण्याने निघण्याऐवजी पक्का बसतो. कारागिराने महिनोन् महिने बसून बांधलेल्या गाठी एका दुपारच्या उत्साहात बिघडू शकतात. त्यांच्यासाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि आधी कोपऱ्यात घेतलेली रंगाची परीक्षा हाच सुरक्षित मार्ग होय.

शेवटी यंत्र चालविणाऱ्या माणसाविषयी. शंभर अंशांच्या आसपासची नळी त्याच्या हातात असते. जोड निसटला तर भाजणार तोच. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंग ना वास असलेला विषारी वायू असतो. म्हणून गाडी बंद गॅरेजात किंवा उघड्या खिडकीखाली कधीही उभी करू नये. खरेदीचा कागद तयार करताना नळीचे आवरण, जोडांची मजबुती आणि धूर सोडण्याची दिशा यांना तक्त्यात स्वतंत्र रकाना असावा. तो नसला, तर स्वस्त निविदा निवडली जाते आणि उरलेली किंमत कामगार आपल्या कातडीने भरतो.

दोन यंत्रे शेजारी उभी केली, तर अधिक तापणारे कोणते, हे विक्रेता सांगेलच. आपण त्याला विचारावे, की पंधराव्या मिनिटाला, शेवटच्या खोलीत, नळीच्या टोकाला किती अंश राहतात, आणि टाकलेल्या पाण्यापैकी परत किती येते. या दोन प्रश्नांची उत्तरे बादलीतच मिळतात.