अक्षर जातं कुठं?

संगणकाच्या पडद्यावर दहा खिडक्या उघड्या असल्या तरी कळफलक एकच असतो. दाबलेली कळ त्यांतल्या कोणत्या खिडकीला मिळायची, हे फोकस कुणाकडे आहे त्यावर ठरतं. माझं म्हणणं असं, की टंकन चालू असताना हा फोकस टंकणाऱ्याच्या मर्जीवाचून कुणी हलवू नये. आणि तो हललाच, तर लिहिण्याच्या प्रोग्रामनं, म्हणजे एडिटरनं, हातातलं काम त्याच क्षणी मार्गी लावावं. पहिल्या गोष्टीबद्दल तक्रारी पुष्कळ होतात, दुसरीकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

इनस्क्रिप्ट कळफलकावर 'स्त्री' हा शब्द टंकायचा, तर स, पाय मोडण्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा कळा लागतात. सरावलेला हात त्या बघता बघता मारतो. तिसऱ्या कळेनंतर 'अपडेट तयार आहे' असं सांगणारी खिडकी मध्येच वर आली आणि फोकस घेऊन गेली, तर एडिटरमध्ये 'स्त' एवढंच राहतं. उरलेल्या तीन कळा नव्या खिडकीकडे जातात. तिथं लिहायला जागा असेल, तर ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लोंबणारी पाय मोडण्याची खूण दिसते. जागा नसेल तर प्रकरण जास्त महागात पडतं, कारण पुढची स्पेस किंवा एंटर तिथलं आधीच निवडलेलं बटण दाबून मोकळी होते. न वाचताच होकार! रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्यांचा तर शब्दच अधांतरी असतो. तो पुरा होईपर्यंत बऱ्याचदा त्याच्याखाली रेघ दिसते. फोकस गेला की तो ठेवायचा की पुसायचा? माझ्या मते ठेवावाच. चुकलेला शब्द दुरुस्त करता येतो, गेलेला आठवावा लागतो.

आता एडिटरच्या आतली गोष्ट. आल्ट धरून टॅब दाबली की खिडकी बदलते. आल्ट दाबल्याची वर्दी जुन्या खिडकीला मिळालेली असते. ती सोडल्याची मिळतेच असं नाही. दाबलेल्या कळांची नोंद एडिटर स्वतः ठेवत असेल, तर त्याच्या लेखी आल्ट अजून दाबलेलीच. परत आल्यावर साधं अक्षर टंकलं तरी तो त्याला आज्ञा समजतो आणि भलताच मेनू उघडतो. मग 'कळ अडकली' म्हणून बिचारा कळफलक झटकला जातो! फोकस गेल्याची सूचना यंत्रणा एडिटरला देत असते. ती येताच सगळ्या कळा सुटल्या असं धरावं, अर्धा शब्द पक्का करावा, जमल्यास मजकूर जतन करावा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये फोकस हलताच फाइल जतन करण्याची सोय आहे. विममध्येही ती करून घेता येते.

यावर कुणी म्हणेल, टंकणाऱ्यानं पडद्याकडे बघावं. पण डीटीपी करणाऱ्याची नजर हस्तलिखितावर असते, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला बघा म्हणण्यात काय अर्थ? तातडीच्या सूचनांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्या जरूर दिसाव्यात, पण कळा घेऊ नयेत. विंडोज ९८ आणि विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टनं हाच मार्ग धरला: दुसरीकडे काम चालू असताना प्रोग्रामला सहसा स्वतःहून पुढे येता येत नाही, टास्कबारवरचं त्याचं बटण लुकलुकतं. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. बंदी कडक केली, तर आपणच मागवलेली खिडकीही मागेच उघडते. दुव्यावर क्लिक करावं आणि ब्राउझर लपून राहावा, तसं. लिनक्सवरच्या वेलँड या खिडक्यांच्या व्यवस्थेनं त्याला उत्तर शोधलं आहे. ज्या प्रोग्राममध्ये आपण क्लिक केलं, तो नव्या प्रोग्रामला एक टोकन देतो. ते पाहून, ही खिडकी माणसानं मागवली की आगंतुक आहे, हे यंत्रणेला ठरवता येतं. म्हणजे बंदी आणि सोय एकत्र नांदू शकतात.

मराठीसाठी एडिटर किंवा कळफलक तयार करणाऱ्यांना एवढीच विनंती, की तो लोकांच्या हाती देण्याआधी एखादं जोडाक्षर अर्धवट टंकून खिडकी बदला, परत या, आणि पुढची कळ दाबून काय उमटतं ते पाहा.