दोष कोणाचा?



कारखान्यातून सदोष माल निघाला की पहिला ठपका बहुधा कामगारावर येतो. हा ठपका पुष्कळदा अन्यायाचा असतो, हे संख्याशास्त्राने आकड्यांनिशी दाखवून दिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी गुणवत्ता राखण्याचा रूढ मार्ग म्हणजे तयार माल तपासून वाईट तेवढा बाजूला काढणे. त्याने नुकसान टळत नसे; ते केवळ मोजले जाई. अमेरिकेत टेलिफोनची सामग्री बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट यांनी मे १९२४ मध्ये एका पानाच्या टिपणात पहिला नियंत्रण-आलेख मांडला. कोणत्याही कामात थोडाफार चढउतार होणारच, हे त्यांचे गृहीत. सरासरीच्या रेषेच्या वर व खाली तीन प्रमाण विचलनांवर मर्यादा आखण्याची रीत पुढे रूढ झाली. मापे या मर्यादांत राहिली, तर फरक कामाच्या पद्धतीतच मुरलेला समजावा. एखादे बाहेर गेले, तर झिजलेले हत्यार, बदललेला कच्चा माल असे विशेष कारण शोधावे.

शूहार्ट स्वतः १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापिलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने हे शास्त्र पुढे आपल्या कारखान्यांत नेले. १९५० मध्ये एडवर्ड्स डेमिंग यांनी तेच जपानी अभियंत्यांना व कारखानदारांना शिकविले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले.

डेमिंग यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पेटीत पांढरे आणि तांबडे मणी मिसळलेले असत. पन्नास खळग्यांची फळी त्यात बुडवून मणी काढायचे. तांबडा मणी म्हणजे दोष. काढणारा कितीही मन लावून काम करो, तांबडे मणी येतच. शाबासकी आणि दटावणी दोन्ही सारखीच व्यर्थ ठरत, कारण पेटी भरणारा तो नव्हता.

१९८६ मध्ये मोटोरोला कंपनीने 'सिक्स सिग्मा' पद्धती आणली. दहा लाख संधींमागे केवळ ३.४ दोष, हे तिचे लक्ष्य. त्याच वर्षी डेमिंग यांनी आपल्या ग्रंथात कामगारांवर आकड्यांची उद्दिष्टे लादण्याविरुद्ध बजावले. आज संगणक असा आलेख क्षणात काढून देतो. पेटीतले मणी बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्या व्यवस्थापकाने तो आलेख प्रथम आपल्याकडे वळवून पाहावा, एवढीच या शास्त्राची अपेक्षा आहे.